बाळाकडे न बघणारी डॉक्टर

डॉक्टर लिंदेलवा म्बेकेनी भित्री बाई नव्हे. वीज गेली तर मोबाइलच्या उजेडात तिनं बाळंतपणं केलीत, सगळ्या कोमानी गावाला माहीत आहे. पण त्या सकाळी विमा एजंट वेसल्स समोर येऊन बसला आणि तिच्या तळहातांना घाम फुटला.

घोळ तिनंच घातला होता. डॉक्टरच्या चुकीबद्दल पेशंटनं दावा लावला तर भरपाई देणारा जुन्या कंपनीचा विमा तिनं हप्ता वाढला म्हणून सोडून दिला होता. तेव्हाची बाळंतपणं तेव्हाच्या विम्यात, असा तिचा साधा हिशोब. आमच्याकडचे कितीतरी डॉक्टर हाच हिशोब करतात आणि मग डोक्याला हात लावून बसतात.

"चूक कधी झाली हे कोण विचारतंय, डॉक्टर?" वेसल्स म्हणाला. "दावा कधी आला ते बघतात. त्या दिवशी विमा चालू नसेल तर घर गेलं, दवाखाना गेला."

"आणि नवा विमा?"

"नवा मागची सगळी वर्षं पोटात घेतो. फक्त सही करताना तुम्हाला ठाऊक असलेली भानगड सोडून. आहे का एखादी?"

"नाही," ती घाईनं म्हणाली.

"झकास. मग उगाच आठवत बसू नका. ठाऊक नाही ते लिहावं लागत नाही."

आणि तो हसला. विमेवाल्यांचं हे हसणं मला कधीच आवडलं नाही.

ठाऊक तसं काहीच नव्हतं. फक्त नोसिफो नावाच्या पेशंटची मुलगी. पोटात बाळाचे ठोके मंदावले होते, तेव्हाच पोट उघडायला हवं होतं. डॉक्टर थांबली. होईल सरळ, म्हणाली. मुलगी निळी पडून आली आणि फार उशिरा रडली. नोसिफोनं मात्र तिला डॉक्टरचंच नाव दिलं, आणि तेव्हापासून दर महिन्याला ती तिला पाठीला बांधून दाखवायला आणते. दर महिन्याला डॉक्टर टेबलापलीकडूनच म्हणते, "छान! वजन नर्स घेईल," आणि आत निघून जाते. बघितलं नाही म्हणजे कळलं नाही. आठ महिने ती या एवढ्याशा आधारावर जगत होती, आणि बाहेर कुणाचंही बाळ रडलं की ती दार लावून घ्यायची.

तिनं पेन उचललं, तेवढ्यात दार उघडून नोसिफोच मुलीला घेऊन आत आली. डॉक्टरला ती सिसी म्हणायची, म्हणजे ताई.

"सिसी, आज तरी हिला जवळ घ्या. नावाची आहे तुमच्या."

"आधी सही, डॉक्टर," वेसल्स हळूच म्हणाला. त्याच्या सगळं लक्षात आलं होतं.

"करा सही," नोसिफो म्हणाली. "आम्ही कुठं पळतोय?"

डॉक्टरनं मान खाली घातली आणि पेन कागदावर टेकवलं. तेवढ्यात मुलगी रडली. चिरका, ताणलेला आवाज. तसं रडणं मेंदूला इजा झालेल्या बाळाचं असतं, हे तिला शिकवलेलं होतं. डोळे फिरवता येतात, कानांचं काय करायचं?

तिनं पेन खाली ठेवलं आणि मुलीला घेतलं. आठ महिने झाले तरी मान सावरत नव्हती. पाय एकमेकांवर घट्ट आवळलेले, अंगठे मुठीत मिटलेले.

वेसल्सनं सही न झालेले कागद गोळा केले आणि तो निघून गेला.

"नोसिफो, चूक माझी आहे," ती म्हणाली. "त्या दिवशी मी थांबायला नको होतं."

"सासू पहिल्याच महिन्यात म्हणाली, पोर बरी नाही. मी म्हटलं, जिच्या हातून जन्मली ती सांगेल. म्हणून तर येत होते."

"आजच बालरोगतज्ज्ञाकडे जाऊ, मी येते बरोबर. व्यायाम लवकर सुरू केले तर पुष्कळ फरक पडतो."

"लवकर म्हणजे कधी, सिसी?"

डॉक्टरला खोटं बोलता आलं असतं.

"पहिल्या काही महिन्यांत," ती म्हणाली.