डाव्या हाताचं बटण

मी एक जुनं हिरवं बटण आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मित्रांनो. पुढे हसण्यासारखं फारसं नाही.

नाशिकच्या अंबडमध्ये एका पत्र्याच्या शेडखाली आमची प्रेस आहे. वरून अवजड लोखंड दणकन खाली येतं आणि साच्यात ठेवलेल्या सपाट पत्र्याचा ब्रॅकेट होतो. साच्याला इथे डाय म्हणतात. प्रेसला दोन बटणं, एक उजवीकडे, एक डावीकडे, मुद्दाम लांब लांब. दोन्ही एकदम दाबली तरच ठोका पडतो. का? माणसाला हात दोनच असतात. दोन्ही बटणांवर असले की डायमध्ये एकही नसतो. ज्याने हे शोधून काढलं त्याने उपदेश केला नाही, सरळ बोटं वाचवली. त्या जोडीतलं मी डावं.

सुरुवातीची वर्षं मानाची गेली. सुरगाण्याकडून आलेला हिरामण आमची प्रेस चालवायचा. शिफ्ट सुरू होताना मला फडक्याने पुसायचा आणि शेजारच्याला सांगायचा, "हे हाय म्हणून माझी दहाच्या दहा बोटं हायेत." बरं वाटायचं ऐकून.

मग मोठी ऑर्डर आली. शेखर सर म्हणजे आमचे सुपरवायझर. त्यांच्या डोक्यात आलं, डावा हात बटणावर अडकून पडतो. मोकळा राहिला तर तेवढ्या वेळात पुढचा पत्रा लावेल. त्यांनी मला आत दाबलं, वर लाकडाचा तुकडा ठेवला आणि काळी टेप करकचून गुंडाळली. नव्या यंत्रांना असं अडकवलेलं बटण ओळखता येतं म्हणे. आमच्या प्रेसला तेवढी अक्कल नव्हती. तिला वाटायचं, डावा हात बटणावरच आहे. माझ्या तोंडून दर ठोक्याला खोटं वदवलं जात होतं.

"सर, हे काय बराबर नाय," हिरामण म्हणाला.

"बरोबर काय ते मला शिकवू नको. ऑर्डर गेली तर शेडला कुलूप. किती घरं चालतात हिच्यावर, माहितीये ना? ती घरं मोठी की तुझं बटण?"

मित्रांनो, हे बोलणं फालतू नाही. ज्यातून जास्तीत जास्त लोकांचं भलं होईल तेच बरोबर, असं मानणारा एक मोठा विचार नीतिशास्त्रात आहे. परिणाम बघून ठरवायचं. पुराच्या वेळी आधी कुठल्या वस्तीत होडी पाठवायची, हे असंच ठरवावं लागतं. पण बेरीज कोण करतोय त्याच्यावर नजर ठेवा! शेखर सरांच्या बेरजेत घरं होती, बोटं नव्हती. माल थोडा उशिरा चालेल का, असा साधा फोनही त्यांनी गिऱ्हाइकाला केला नव्हता. ही नीती नव्हे. ही सोय, नीतीचा शर्ट घालून आलेली.

हिरामण गप्प बसला. काही दिवसांनी त्याला शेजारच्या प्रेसवर टाकलं. तिथलंही डावं बटण टेपखालीच होतं. आणि माझ्यासमोर निकिता आली. आयटीआय करून आलेली, पेठ तालुक्यातली, हातमोजे पुरुषी मापाचे.

"हे बांधून का ठेवलंय?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं.

"तसंच असतं इथं. चालव," शेखर सर म्हणाले.

तिने चालवली. उजव्या हाताने बटण, डाव्याने पत्रा. ठोका. पत्रा. ठोका. मी टेपखाली दबलेलं, आणि तिचा डावा हात माझ्यावर असायच्या ऐवजी डायच्या तोंडाशी. दुपारी एक पत्रा तिरका बसला. तो सरळ करायला तिची बोटं आत गेली. उजवा हात मात्र सवयीला लागला होता. तो बटणावर पडला.

दण!

निकिताने हात ओढला. मोज्याची दोन टोकं डायमध्ये राहिली होती, चपटी झालेली. तिने मोजा काढला, बोटं मोजली, परत मोजली. सगळी होती. मोजा मोठा म्हणून टोकं रिकामी होती. कारखान्याने तिच्या मापाचा दिला असता तर आत काय राहिलं असतं, ते मी सांगायला नको.

ती उठून उभी राहिली. "मी नाही चालवणार."

"काही झालं का? नाही ना? मग बस," शेखर सर म्हणाले.

पॅकिंगवरच्या भिमाबाई पुढे आल्या. "झालं नाय म्हंता? आन झालं असतं तर? पोरीची बोटं काय कच्चा माल हाय का, सायेब?"

मित्रांनो, नीतिशास्त्रातला दुसरा मोठा विचार हाच. माणूस म्हणजे दुसऱ्याच्या कामाचं नुसतं साधन नव्हे. कितीही जणांचा फायदा होवो, काही गोष्टी करायच्याच नसतात.

"मावशी, तुम्ही खोकी भरा," शेखर सर ओरडले. "आणि तू, उद्यापासून येऊ नको!"

नोकरी निकिताला हवी होती, अगदी हवी होती. तरी ती म्हणाली, "नाही येणार. पण जायच्या आधी तुम्ही चालवून दाखवा, सर. असंच. एकच ठोका."

सगळी शेड थांबली. शेखर सर तिरमिरीत स्टुलावर बसले. पत्रा उचलला. डायमध्ये ठेवला. आणि उजवं बटण दाबायच्या आधी त्यांचा डावा हात आपोआप माझ्याकडे आला. नखाने टेपचं टोक उचकटायला लागला.

मग त्यांच्या लक्षात आलं, आपण काय करतोय.

कुणी हसलं नाही. त्यांची मान वर होईना.

"काढा, सायेब," भिमाबाई हळूच म्हणाल्या. "सोताच्या हातासाठी काढत होता, तर तिच्यासाठीबी काढा."

त्यांनी टेप ओढून काढली. लाकडाचा तुकडा खाली पडला आणि कितीतरी दिवसांनी मी वर आलं. शेजारच्या प्रेसवर हिरामण आपल्या टेपकडे बघत होता. त्याला कुणीच काही सांगितलं नव्हतं. त्याने ती ओरबाडून काढली आणि निकिताला म्हणाला, "मी बोलाया पायजे होतं, पोरी. रोज गप ऱ्हाऊन गपच ऱ्हायची सवय लागती." तिसरा विचार हा: आपण रोज जे करतो, तसेच आपण घडत जातो.

शेखर सरांनी 'येऊ नको' मागे घेतलं, निकिता राहिली. माल उशिरा गेला. गिऱ्हाईक कुरकुरलं, पण शेड चालू आहे. आणि समजा, बंद पडली असती, तरी ती टेप चूकच होती. हे मी ठासून सांगतं.

तुमच्याकडे प्रेस नसेल, पण अशी टेप असतेच. शाळेच्या रिक्षात पोरं कोंबून 'चालतंय' म्हणणाऱ्याला दांडीवर लोंबकळणाऱ्या पोराच्या जागी बसवून बघा. दुसऱ्याच्या जिवावर 'चालतंय' म्हणताना तुम्हीही एकदा त्या स्टुलावर बसा. तुमचा हात कुठे जातो, ते बघा.

आता पुरे, मला काम आहे. पण पलीकडच्या शेडमधूनही ठोके ऐकू येतात. फार भराभर येतात. दोन्ही हातांनी दाबलं तर इतक्या वेगाने ठोका पडतच नाही. कुणीतरी जाऊन बघा रे!