खोकणारी गाडी

बाबा गेले तेव्हापासून त्यांची जुनी मोटार बंदच होती. आईचं विसरणं वाढलं होतं. ते गेल्याचंही तिच्या लक्षात राहत नसे. "हे आले की जेवू," म्हणून ती ताट बाजूला सरकवायची आणि दिवसेंदिवस खंगत चालली होती. गाडी फाटकाशी येऊन खोकली की जेवण वाढायला घ्यायचं, ही तिची जन्माची सवय. तो आवाज ऐकून तरी ती जेवेल, म्हणून मी बाबांच्या मेकॅनिक मित्राला, काकांना, गाडी सुरू करायला सांगितलं. कशासाठी, ते सांगितलं नाही.

संध्याकाळी काका खुशीत होते. "तुझ्या बापानं इंजिनात ठिणगी पडायचं टायमिंग चुकीचं लावलं होतं आणि कार्बोरेटरमधून पेट्रोल वाढवून ते झाकलं होतं. आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा! म्हणून खोकायची ती. आता बघ, लोण्यासारखी चालते."

मी गाडी फाटकाशी आणली. ती जराही खोकली नाही. आई खिडकीतून म्हणाली, "पाहुणे आलेत वाटतं. बसव त्यांना. हे आले की सगळेच जेवू."

काकांना सगळं सांगितलं तेव्हा ते पुन्हा बॉनेटखाली वाकले. त्यांनी टायमिंग मागे घेतलं, कार्बोरेटरचा स्क्रू सैल केला. गाडी धडधडली, धूर ओकू लागली, फाटफाट वाजली. पण तशी खोकली नाही.

"पोरी, बरोबर एकच असतं गं. चुकीचं कितीही. तुझ्या बापाचं नेमकं कुठलं, ते तोच जाणे."

आत आईचं ताट तसंच होतं. मी ते झाकून ठेवलं.