पाचव्या रिळातला आवाज

मी बोलतेय खरी, पण मला स्वतःचा आवाज नाही, हे आधीच सांगून टाकते. मी मूळ चित्रफीत, जिच्यावरून प्रती काढतात ती. माझ्या अंगावर फक्त चित्रं. बोलणं, किंकाळ्या, दारांची करकर हे सगळं माझ्या जुळ्या बहिणीच्या, ध्वनिफितीच्या अंगावर. आम्हा दोघींना मिळून एकच नाव होतं, 'तीन कबुतरांची साक्ष'. चित्रपटात कबुतर एकही नाही. पण एकाहत्तर साली इटलीत खुनाच्या चित्रपटाच्या नावात एखादा प्राणी-पक्षी नसला, तर वितरक बसायला खुर्चीसुद्धा देत नसत. आणि आमचा दिग्दर्शक आर्दुइनो स्कार्पेत्ती फार वेळ उभा राहणारा माणूस नव्हता.

माझा जन्म तोरिनोतला. नायिका इंगे डेन्मार्कची, तिला इटालियनचा गंध नव्हता. त्याची फिकीर कोणालाच नव्हती, कारण आमच्याकडे चित्रीकरणाच्या वेळी आवाज धरतच नसत. तो मागाहून रोममध्ये दुसरंच कोणी भरणार. त्यामुळे कॅमेरा चालू असताना स्कार्पेत्ती खुशाल ओरडायचा, "डोळे मोठे कर गं! मागे खुनी उभा आहे, पाववाला नव्हे!" इंगे बिचारी डोळे मोठे करायची आणि ओठ हलवत राहायची.

तिला आवाज दिला नीवेस ताराबोकियाने. नीवेस तोवर गर्दीतली कुजबुज, टेलिफोनवरची बाई, खालच्या मजल्यावरचं भांडण असलंच काही करायची. नायिकेचं काम तिला पहिल्यांदाच मिळालं होतं, आणि तिला तेव्हा सातवा महिना होता. पाचव्या रिळात एक प्रसंग आहे. खुनी घरात शिरलाय, आणि नायिकेला कपाटात लपलेली एक लहान मुलगी सापडते. नायिका तिच्याजवळ बसून हळू आवाजात काहीतरी बोलते. नीवेस पोटावर हात ठेवून ते बोलली. बोलून झाल्यावर स्कार्पेत्तीने, आयुष्यात बहुधा एकदाच, 'पुन्हा' म्हटलं नाही.

श्रेयनामावलीत तिचं नाव आलं नाही. इंगेचा आवाज काय गोड आहे, असं लोक म्हणाले. नीवेसची मुलगी फियोरेन्झा दोन वर्षांचीही नव्हती तेव्हा नीवेसच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि तिचा आवाज कायमचा गेला. आधीच्या कुजबुजी आणि भांडणं कुठे विरली, कोण जाणे. पुरा असा आवाज उरला तो माझ्या बहिणीच्या अंगावर.

आणि आम्हाला काय मिळालं? परदेशच्या वितरकांनी त्यांच्या प्रतीतून तो कपाटाचा प्रसंग कापला, म्हणे रेंगाळतो. इकडे आमची रवानगी पत्र्याच्या गोदामात झाली. आमच्या जातीला एक रोग असतो. उकाड्यात वर्षानुवर्षं पडून राहिलं की अंगाला व्हिनेगरचा वास सुटतो, मग फीत आक्रसते, मग स्वतःलाच चिकटून बसते. तो वास मला वरच्या फळीवरून यायचा. तिथे माझी बहीण होती. मला हाक मारता आली नाही, आणि आली असती तरी ऐकायला होतं कोण!

मग जुन्या भयपटांना अचानक भाव आला. लोक घरी डिस्क लावून आम्हाला बघू लागले. बेल्लांदी नावाच्या गृहस्थांच्या कंपनीने आम्हाला गोदामातून बाहेर काढलं आणि तोमाझो नावाच्या कारागिराच्या हवाली केलं. त्याने मला न्हाऊमाखू घातलं, फाटलं तिथे सांधलं, माझा उडालेला लाल रंग परत आणला. इतक्या मायेने मला कोणी हात लावला नव्हता. मग त्याने बहिणीचे डबे उघडले. चार रिळं धडधाकट निघाली. पाचव्याचा गूळ झाला होता, एकसंध आणि चिकट.

"इटालियन प्रत कुठे मिळत नाही, पण इंग्रजी आहे ना? तिच्यातला आवाज जोड," बेल्लांदी म्हणाले.

"जोडतो. पण कपाटाचा प्रसंग त्या प्रतीत नाही, साहेब. तेवढ्याला आवाजच नाही."

"मग काप तो. तिकडच्यांनी कापलाच होता, कोणाचं काय अडलं?"

माझ्या पोटात पाच-सहा खून आहेत, एक तर दाढीच्या वस्तऱ्याने. त्यातल्या एकालाही मी कधी घाबरले नाही. त्या दिवशी मात्र मी घाबरले.

डिस्कवर जुन्या कलावंतांची मुलाखत टाकायची पद्धत असते. कंपनीने नीवेसच्या घरी फोन केला. फोन फियोरेन्झाने घेतला आणि "आई येईल" एवढंच सांगितलं.

दोघी आल्या. म्हातारी ताठ, ओठांना लाली, गळ्याला रेशमी रुमाल. तोमाझो माइक घेऊन पुढे झाला. "कुठे लावू, सिन्योरा?"

नीवेसने रुमाल किंचित खाली ओढला. तोमाझोचा हात तिथेच थांबला.

"आई बोलत नाही," फियोरेन्झा म्हणाली. "फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही बोलावलंच नसतं. मला तिचा आवाज ऐकायचाय हो. मी तान्ही होते, माझ्या कानात काही उरलं नाही."

तोमाझोने माइक गुंडाळून ठेवला आणि चारही रिळं लावली. फियोरेन्झा ओठांवर मूठ दाबून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "आई, तू तर सगळीकडे घाबरलेलीच आहेस गं! घाबरतेस, नाहीतर खोटं बोलतेस."

नीवेसने 'थांब' अशी खूण केली आणि पाच बोटं दाखवली. तोमाझोने मान खाली घातली. पाचव्या रिळाचा आवाज गेला, हे सांगणं त्याच्यावर आलं होतं, आणि त्याने सांगितलं. नीवेस हातातल्या पिशवीचे बंद नीट करत बसली.

"तुम्हाला ओठ वाचता येत असतील," तोमाझो काकुळतीने फियोरेन्झाला म्हणाला. "संहिता कुठेच सापडत नाही. ही काय बोलतेय तेवढं सांगा. शब्द तरी वाचतील."

त्याने प्रसंग लावला. इंगे कपाटापुढे बसली, तिचे ओठ हलू लागले. फियोरेन्झा पुढे झुकली. "सात... आठ... नऊ... अहो, ही आकडे म्हणतेय! दहा झाले, परत एक!"

नीवेसचे खांदे गदगदू लागले. आवाज नसलेलं हसू होतं ते. इंगेला इटालियन येत होतं ते तेवढंच, दहापर्यंत. त्या काळी निम्मी परदेशी मंडळी कॅमेऱ्यापुढे आकडेच मोजायची. तोमाझोला हे ठाऊक असूनही आशेपोटी त्याचा विसर पडला होता. तोही हसला, मग त्याचा चेहरा उतरला.

तेव्हा नीवेसने खुर्ची पुढे ओढली आणि बोटाने सांगितलं, पुन्हा लाव. इंगेचे ओठ हलले, आणि तिच्याबरोबर म्हातारीचेही. तिला आपलं तेव्हाचं बोलणं सगळं पाठ होतं, कुठे थांबायचं तेसुद्धा. फियोरेन्झाने पडद्यावरून नजर काढली आणि आईच्या तोंडाकडे बघत ती एकेक शब्द म्हणू लागली.

"'घाबरू नकोस. मी आहे ना. दार उघडलं तरी तिकडे बघू नकोस. माझ्याकडेच बघ.'"

म्हातारीचा हात पोटावर गेला होता. फियोरेन्झा मध्येच थांबली. "आई, हे तू कोणाला म्हणत होतीस?"

नीवेसने पडद्यावरच्या मुलीकडे बोट दाखवलं. मग फियोरेन्झाकडे.

बेल्लांदी कॉफीचा कप घेऊन दारात कधी येऊन उभे राहिले होते, कोणाला कळलं नाही. "प्रसंग ठेवू या, साहेब," तोमाझो म्हणाला. "आवाजाविना. शब्द खाली लिहू."

"लोक म्हणतील डिस्क बिघडली."

"म्हणू दे."

"तक्रारी तू वाचणार?"

"वाचेन."

बेल्लांदींनी हातातली कॉफी नीवेसपुढे ठेवली. "घ्या सिन्योरा, साखर घातलेली आहे," म्हणाले आणि निघून गेले. कात्री काही आली नाही.

आता मी थंडगार खोलीत असते. शेजारी बहिणीचे चार डबे आहेत, पाचव्याची जागा रिकामी. डिस्क बाजारात आली आणि परतही येऊ लागली. लोक लिहितात, आवाज गेलाय, पैसे परत द्या. तोमाझो एकेकाला उत्तर लिहितो. अधूनमधून मला बघायला येतो तेव्हा माझ्या डब्यावर हात ठेवून बाहेरच्या बातम्या सांगतो.

माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. आमच्याकडे चर्चही सिनेमे दाखवत; अशा कुठल्या चर्चच्या जुन्या सिनेमाघरात माझ्या नावाचा गंजका डबा दिसला, तर भंगारात देऊ नका, त्या प्रतीत नीवेसचा आवाज असेल. आणि डिस्क लावलीत, तर पाचव्या रिळात अचानक सगळं शांत होईल. यंत्राला थापट्या मारू नका, आवाज वाढवू नका. इंगेच्या ओठांकडेही बघू नका, ते आकडे मोजताहेत. खालच्या ओळी वाचा. तिथे एक बाई आपल्या लेकीशी बोलतेय.

फियोरेन्झा रविवारी जेवणं आटोपली की तो प्रसंग लावते, असं तोमाझो सांगत होता. म्हातारी समोर बसून ओठ हलवते, आणि मुलगी पडद्याकडे पाठ करून बसते.