कुरतोबेची मागची उतरण

आमची कुरतोबे काही मोठा डोंगर नाही. पुढच्या उतरणीवर सगळं गाव स्की करतं. स्कीवाल्यांना वर ओढून नेणारा दोर मी चालवते. माथ्यापलीकडं, मागच्या उतरणीवर, भूर्जवृक्षांचं रान. तिथं कुर, म्हणजे काळे रानकोंबडे, हिवाळाभर बर्फात बीळ करून निजतात. तिकडं स्की वळवायची नाही, हे आमच्या पोरांना पाळण्यातच कळतं:

बर्फाची गोधडी, कुर निजे गुरगुटून
वाट वाकडी कर, लेकी, नको जाऊ तुडवून

यंदा शहरातल्या मंडळींनी टेकडी भाड्यानं घेतली आणि संजार नावाचा व्यवस्थापक धाडला. त्यानं आल्या आल्या फलक ठोकला, ‘रिकामी टेकडी’. आमच्या बोलीत ‘तोबे’ म्हणजे टेकडी, आणि ‘कुर’ म्हणजे रिकामा, पोकळ असंही होतं. शहरात वाढलेल्याला तेवढंच ठाऊक! रिकामीच आहे म्हटल्यावर मागच्या उतरणीवरचा बर्फ स्कीसाठी दाबायला त्यानं यंत्रही आणलं.

माझ्या सासूबाई, उर्जादा आपा, यंत्रापुढं जाऊन उभ्या राहिल्या.

“रिकामं तुझं डोकं, मेल्या! कुर म्हणजे पाखरू. खाली झोपलीत ती. चिरडतोस?”

संजार थबकला. मग त्याचे डोळे चमकले. “बर्फाखाली जिवंत पक्षी? अहो आपा, आधी नाही का सांगायचं!”

यंत्र माघारी गेलं. आम्हाला वाटलं, सुटलो.

शनिवारी फलक बदलला. पंख फुलवलेला कुर, आणि खाली ‘पायाखालून उडवा, फोटो काढा!’

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. असल्या गारठ्यात पाखराला पुन्हा पुन्हा उठवलं, तर अंगातली ऊब संपून ते मरतं. आणि याला म्हणे खेळ!

“वहिनी, दोर सुरू करा. पाहुणे खोळंबलेत,” संजार म्हणाला. “निसर्गावर प्रेम करणारी माणसं आहेत.”

“तुमच्याकडं लेकरू निजलं की ढोल बडवून प्रेम करतात वाटतं?”

पाहुण्यांतली एक बाई फिसकन हसली. संजार लाल झाला. “पगार घेता तुम्ही. विसरू नका.”

“ठेव तुझा पगार.”

मी दोराचं तापत ठेवलेलं इंजिन बंद केलं, त्याचा पट्टा उपसला आणि खांद्यावर टाकला.

“अहो, गावातली पोरं कशी वर जाणार?” संजार ओरडला.

“पायांनी. त्यांच्या आज्या जायच्या तशी.”

पोरं कुरकुरली, पण स्की खांद्यावर घेऊन पुढच्या उतरणीला लागली. एका पाहुण्यानं आपांना विचारलं, “आम्हाला चढायला किती वेळ लागेल?”

“या बुटांनी? निघा आत्ता, बर्फ वितळेपर्यंत पोचाल.”

पाहुणे गाड्यांकडं वळले. त्या दिवशी मागच्या उतरणीवर कुणाचं पाऊल पडलं नाही.

उद्या संजार नवा पट्टा आणेल, मला माहीत आहे. आणू दे. दोर चालवायला या गावातलं कोण उभं राहतं, ते बघतेच मी.