तळमजल्यावरच्या किल्ल्या

"तसं काही नाही हो, पाहुणे यायचेत. घरात एखादी जास्तीची असलेली बरी."

दुसऱ्या मजल्यावरची शाळेतली बाई उंबरठ्याबाहेरच थांबली. हात तेवढा आत आला.

तळमजल्याने खिळ्यावरून किल्ली काढून त्या हातावर ठेवली. तिला सगळे तळमजलाच म्हणत. उशीर होईल, किल्ली तळमजल्याकडे ठेव. गॅसवाला येईल, तळमजल्याला सांगून ठेव. ती दिवसभर खिडकीशी शिलाई मशीनवर बसलेली असे, म्हणून इमारतीतल्या जादा किल्ल्या तिच्या भिंतीवर. कुठली कुणाची हे लिहावं लागत नसे. प्रत्येक किल्लीला त्या घराच्या पडद्याच्या कापडाचा बंद होता. पडदे तिनंच शिवलेले.

"किती दिवस राहणार पाहुणे?"

"अजून नक्की नाही."

मग दंतवैद्याचे वडील. "कुलूप जरा अडकतंय. म्हटलं, बदलूनच टाकू."

मग चौथा मजला. "मुलगा मागतोय. मी म्हटलं, कशाला रे? पण मुलगा मागतोय."

मग टॅक्सीवाला, जिन्यातूनच. "ए तळमजला, माझी पण देऊन टाक. उगाच तुझ्या डोक्याला ताप नको."

हा निदान अर्धं खरं बोलला.

*

कुलूप शाबूत.

जिन्यात हे दोनच शब्द फिरत होते. तिसऱ्या मजल्यावरच्या बँकवाल्या बाई लेकीकडे राहून परत आल्या. हवा खेळावी म्हणून स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवून गेल्या होत्या, ती आतून लावलेली. कपाटात बांगड्या नाहीत. आणि कुलूप शाबूत.

हवालदार आला तेव्हा कुणी किल्ली परत नेली नव्हती. तो तळमजल्याच्या भिंतीसमोर बराच वेळ उभा राहिला.

"बऱ्याच आहेत."

"लोक ठेवतात."

"विश्वासानं?"

"सोयीनं," ती म्हणाली.

तो हसला नाही. "घरात आणखी कोण असतं?"

*

घरात नवरा. तो गोदामात जातो, संध्याकाळी येतो.

घरात धाकटा दीर. छापखाना बंद पडल्यापासून घरीच. ती लग्न होऊन आली तेव्हा तो अर्ध्या चड्डीत होता. त्याचे शाळेचे सदरे तिनं शिवले, उसवले, पुन्हा शिवले. आता तिशी ओलांडली तरी सुईत दोरा तोच ओवून देतो. तिला दिसत नाही.

बँकवाल्या बाई लेकीकडे असताना एका दुपारी ती बटणं आणायला बाजारात गेली होती, तेव्हा तो एकटाच घरी होता. परत आली तर तिसऱ्या मजल्याच्या किल्लीचा निळा बंद खिळ्यावर उलटा. शिवण बाहेर. ती नेहमी शिवण भिंतीकडे करून लावते. तेव्हा तिनं तो सरळ केला आणि कामाला लागली.

हे हवालदाराला सांगितलं नाही. कुणालाच नाही. रात्री ताटं वाढताना मात्र राहवलं नाही.

"अहो, भावजी त्या दुपारी कुठं बाहेर गेले होते का?"

"तुला काय म्हणायचंय?"

"काही नाही."

"मग म्हणू नकोस."

दोन घास झाल्यावर नवराच हळूच म्हणाला, "नवे बूट घेतलेत त्यानं. पाहिलेस?"

*

तो गुणगुणला, तर याला कसला एवढा आनंद. गप्प बसला, तर कसला विचार करतोय. फोन घेऊन बाहेर गेला, तर घरात का नाही बोलत. घरातच बोलला, तर मुद्दाम ऐकवतोय. त्यानं सुईत दोरा ओवून दिला तेव्हा ती त्याच्या बोटांकडे बघत राहिली.

*

नळाचा आवाज येत होता. तिनं खाटेखालची त्याची बॅग ओढली.

शर्ट. दाढीचं सामान. मुलाखतीचा टाय, गाठ न सोडता ठेवलेला. बूट. बुटांच्या टोकात बोट घातलं तर मऊ लागलं. ओढून काढलं: कापूस. बूट त्याच्या मापाचे नव्हतेच. कुणाकडून तरी मागून आणलेले.

नळ कधी बंद झाला, कळलंच नाही.

तो दारात उभा होता. केसांतून पाणी गळत होतं. हातात कापूस घेऊन ती खाली बसलेली.

"वहिनी," तो म्हणाला, "मशीनचं तेल वरच्या फळीवर आहे."

"हो का? तेच शोधत होते."

*

बँकवाल्या बाईंचा मिक्सर बिघडला. दुरुस्तीला न्यायचा म्हणून माळ्यावरून त्याचं खोकं काढलं, तर त्यात पायमोजा, पायमोज्यात बांगड्या.

"चोर आधी कपाट बघतात, असं ऐकलं होतं हो! म्हणून निघायच्या घाईत हलवल्या, आणि हलवल्या तेच विसरले."

जिनाभर हशा. खिडकीचं कुणी विचारलं, तर बाई म्हणाल्या, "मीच लावली असेन. माझं काय खरंय आता?"

त्या संध्याकाळी दीर नेहमीच्या पाटावर नाही, मशीनशेजारच्या स्टुलावर बसला. दोरा ओवता ओवता म्हणाला, "खिडकी मी लावली होती. वाऱ्यानं आपटत होती. खाली पोरं खेळत होती, काच पडली असती."

"मग सांगायचं नाही का?"

"बांगड्या गेल्या म्हणून बोंब झाल्यावर? मीच वर गेलो होतो म्हणून?"

"मला तरी, भावजी."

त्यानं सुई तिच्या हातात दिली. "तुम्ही विचाराल म्हणून थांबलो होतो."

*

पाहुण्यांचं यायचं रद्द झालं. नवं कुलूपही अडकायला लागलं. चौथ्या मजल्याच्या मुलानं आता काही मागितलं नव्हतं. टॅक्सीवाला किल्ली बोटावर गरगरवत आत आला. "घे बाई तुझा ताप." ती सगळ्यांशी हसून बोलली आणि एकेक बंद खिळ्यावर लावला.

दिराला एका दुकानात नोकरी लागली. पहिल्या दिवशी तो टाय लावून निघाला. तिनं डबा दिला.

दारापाशी तो थांबला. मागे वळला. डबा खाली ठेवला. झडती देताना धरतात तसे दोन्ही हात अंगापासून थोडे दूर धरून तिच्यासमोर उभा राहिला. चेष्टा नव्हती, रागही नव्हता. नुसता उभा. उशीर होत होता तरी.

तिनं पुढं होऊन त्याच्या टायची गाठ सरळ केली. कॉलर नीट केली. खांद्यावरचा दोऱ्याचा तुकडा उचलला.

"झालं," ती म्हणाली.

तरी त्यानं हात लगेच खाली घेतले नाहीत.