रविवारी तळं होतं

थिओफिल बेलो सव्वीस वर्षं माणसांना उकळत्या तळ्यावर नेत होता. लोदा गावातले त्याच्या बरोबरीचे बहुतेक जण खाली बेटाच्या राजधानीत, रोझोला, नोकरीला लागले, काही समुद्र ओलांडून शेजारच्या ग्वादलूप बेटावर गेले. थिओफिल डोंगरावरच राहिला. तीन तास वर, तीन तास खाली, नडगीपर्यंत चिखल, आणि शेवटी तो वाफा सोडणारा, खदखदणारा राखाडी खड्डा. पाहुणे काठावर उभे राहून आ वासत, तेव्हा हा हाताची घडी घालून जरा मागे उभा राही. जणू ते पाणी यानेच पहाटे उठून चुलीवर चढवलं होतं.

नाताळ आठवड्यावर आला असताना त्याच्याकडे दोन बहिणी आल्या. हर्मिना आणि मर्ल डारू. बेटाच्या दुसऱ्या टोकाला, पोर्ट्समथमध्ये, दोघींचं कापडाचं दुकान होतं. दोघीही साठी उलटलेल्या. सगळा जन्म बेटावर गेला, पण तळं काही पाहणं झालं नव्हतं. थोरली हर्मिना काटकुळी आणि शिस्तीची. तिच्या हातात राष्ट्रीय उद्यानाचं पत्रक होतं, त्यात पाहण्यासारख्या जागांची यादी, आणि कानावर शिसपेन्सिल.

"ट्रफाल्गारचा धबधबा झाला, गोड्या पाण्याचं तळं झालं," ती खुणा दाखवत म्हणाली. "आज हे एक उरकलं की मी मरायला मोकळी."

"मर, पण डोंगरावर मरू नकोस," मर्ल म्हणाली. ती अंगाने चांगली भरलेली होती आणि आत्ताच घामाघूम झाली होती. "तुला खाली कोण आणणार? या थिओफिलच्या तर नुसत्या बरगड्या दिसतात."

"तुमच्या बहिणीला आणेन मी पाठीवर," थिओफिल म्हणाला. "तुमचं काय करायचं, त्याचा विचार करावा लागेल, मिस मर्ल."

मर्ल इतकी हसली, की तिला झाडाला धरून उभं राहावं लागलं.

बाया चिवट निघाल्या. ब्रेकफास्ट नावाच्या नदीच्या धोंड्यांवर बसून त्यांनी थिओफिलच्या बायकोने, व्हर्नाने, बांधून दिलेला खारा मासा आणि तळलेल्या भाकऱ्या खाल्ल्या. "हाताला चव आहे हं तुझ्या बायकोच्या. ती नाही का येत वर?" मर्लने विचारलं.

"लग्नाला बावीस वर्षं झाली. एकदाही आली नाही. म्हणते, घरात चुलीवर उकळतंय तेवढं पुरे."

पुढे निकोल्स डोंगराच्या पायऱ्या लागल्या. माथ्यावर पोचल्यावर थिओफिलने सवयीने समोर बोट केलं. "त्या तिथे, दोन टेकड्यांच्या मधे, वाफेचा खांब..."

खांब नव्हता. हिरव्या टेकड्या स्वच्छ दिसत होत्या, वर निळं आभाळ.

"आज वारा दुसरीकडचा असेल," तो म्हणाला. बहिणींना त्यात काही वावगं वाटलं नाही. त्याला मात्र वाटलं. वारा कुठलाही असला तरी वाफ दिसायचीच.

खाली उजाड दरीत सगळं नेहमीसारखं होतं. गंधकाचा वास, पांढरे आणि काळे ओहोळ, जमिनीच्या भेगांतून सूं सूं निघणारी वाफ. त्याने एका कढत डबक्यात अंडी उकडून दिली, तेव्हा जरा त्याच्या जिवात जीव आला. म्हणजे जमिनीखालचा विस्तव शाबूत होता. पण दरी ओलांडल्यावर जिथून तळ्याची घरघर कानावर यायला लागते, तिथे पोचले आणि काहीच ऐकू आलं नाही. झाडीत शीळ घालणारा एक पक्षी एकच लांब सूर लावून बसला होता, तेवढाच आवाज. थिओफिल नकळत भराभर चालायला लागला. मागून मर्ल ओरडली, "अरे, आमच्यासाठी थांब तरी!" ते त्याच्या डोक्यात शिरलंच नाही.

काठावर तो आधी पोचला. बहिणी धापा टाकत मागून आल्या आणि त्याच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या.

खाली खोल, रुंद खड्डा होता. भिंतींवर जुन्या पाण्याच्या रेषा, तळाला ओली माती, धोंडे, आणि अगदी मधोमध एक काळं भोक. त्याच्या शेजारी परातीएवढं गढूळ पाणी साचलेलं. ते सुद्धा स्वस्थ.



"तळं कुठाय?" हर्मिनाने विचारलं.

"रविवारी होतं," थिओफिल म्हणाला. "देवाशपथ सांगतो, बाई. रविवारी इथवर पाणी होतं." त्याने भिंतीवरची रेघ दाखवली. दुसऱ्याला जेवायला बोलवावं आणि झाकण काढल्यावर भांडं रिकामं निघावं, तसं त्याला झालं.

हर्मिनाने कानावरची पेन्सिल काढली, पत्रकाकडे पाहिलं. "मग मी यावर खूण करू की नको?"

"खूण कर आणि शेजारी लिही, गळकं," मर्ल म्हणाली. ती खड्ड्याकडे टक लावून पाहत होती. मग काय तिच्या मनात आलं कुणास ठाऊक, काठी रोवत ती उतारावरून खाली निघाली. "तळाला हात लावून येते. पोर्ट्समथमध्ये कुणी लावलाय का?"

थिओफिल पाहुण्यांना हात लावत नसे. निसरड्यावर आधार द्यायचा तर तो काठी पुढे करी. पण आता त्याने दोन ढांगांत मर्लला गाठलं, तिचा दंड पकडला आणि तिला असं मागे खेचलं, की दोघंही चिखलात बसले.

"डोकं फिरलंय का तुमचं?" तो ओरडला. "खाली वायू असतो! दिसत नाही, वास येत नाही! उभा माणूस खाली बसतो आणि उठत नाही!"

त्याच्या आजोबांच्या तोंडून त्याने ऐकलं होतं, की फार पूर्वी असंच झालं होतं आणि खाली गेलेली माणसं परत वर आली नव्हती. लहानपणी त्याला ती भीती घालण्याची गोष्ट वाटायची.

मर्ल दंड चोळत उठली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. "माझ्या बापानेसुद्धा कधी माझ्यावर आवाज चढवला नव्हता," ती म्हणाली. परतीच्या वाटेवर ती थिओफिलशी एक अक्षर बोलली नाही. हर्मिना मधे चालत होती आणि दोघांचे निरोप इकडून तिकडे पोचवत होती. "ती म्हणते, पाणी दे. तो म्हणतो, बाटली तुझ्याच पिशवीत आहे."

गावात पोचताच थिओफिल फोनसाठी बॅप्टिस्टच्या रमच्या दुकानात शिरला. त्याने उद्यानाच्या कचेरीला कळवलं. पलीकडच्या माणसाने सगळं तीनदा विचारून घेतलं आणि सकाळी माणसं पाठवतो म्हणाला. फोन ठेवून वळला, तर दुकानातले सगळे त्याच्याकडे बघत होते.

"तळं हरवलं?" ऑर्विल म्हणाला. तोही वाटाड्या होता, थिओफिलपेक्षा दहा वर्षांनी लहान. "खिसे नीट बघितलेस का, थिओ?"

दुकान खदखदून हसलं.

"वाट चुकला असेल," दुसरा कुणी म्हणाला. "सव्वीस वर्षांत एकदा चुकली तर काय बिघडलं? दुसराच खड्डा दाखवला बिचाऱ्या बायांना."

"वय झालं की होतं असं," ऑर्विल म्हणाला. "माझी आजी स्वतःचं घर समजून शेजारणीकडे जेवायला बसायची."

थिओफिलचं त्यालाच क्षणभर वाटलं, की खरंच आपण चुकलो तर नाही?

दारातून मर्ल आत आली. चिखलाने माखलेली, केस विस्कटलेले. तिने बाही वर केली. दंडावर चार बोटांचे वळ निळे पडले होते.

"हे बघा," ती ऑर्विलच्या नाकासमोर दंड धरून म्हणाली. "मी तळात उतरत होते, कोरड्या तळात, तेव्हा या माणसाने मला ओढून काढलं. पाणी असतं तर उतरले असते का मी? एवढी वेडी दिसते?"

"नाही, बाई," ऑर्विल म्हणाला.

"मग हसतोस काय? माझ्या बहिणीने पत्रकावर लिहून ठेवलंय, तारखेसकट." मग तिने बॅप्टिस्टकडे मोर्चा वळवला. "याला एक रम द्या. आणि मलाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीची माणसं यंत्रं घेऊन आली, आणि त्यांच्यामागे अर्धं लोदा निघालं. पाव विकणारी बाई, शाळेचे मास्तर, ऑर्विल. आणि डोक्याला रुमाल बांधून व्हर्ना.

"तू?" थिओफिल म्हणाला.

"काल रात्रभर कूस बदलत होतास. म्हटलं, बघू तरी काय आहे एवढं."

काठावर ती कितीतरी वेळ उभी राहिली. लोक बोटं दाखवत होते, ऑर्विल वाकून खाली बघत होता. "इतकं मोठं होतं होय," व्हर्ना हळूच म्हणाली आणि तिने त्याच्या कोपरात हात घातला. त्याने दुसरीकडे तोंड फिरवलं.

नाताळ गेला, कार्निव्हल गेला. थिओफिल पाहुण्यांना घळी आणि धबधबे दाखवत राहिला, पण दर रविवारी एकटाच तळ्याच्या काठापर्यंत जाऊन येई. आधी ओल वाढली. मग तळाला राखाडी पाणी चढलं, गार. मार्चमध्ये मधोमध बुडबुडे दिसले. ईस्टरनंतरच्या एका रविवारी निकोल्सच्या माथ्यावरच त्याला वाफ दिसली. त्या दिवशी तो तसाच मागे फिरला, आणि पुढच्या रविवारी व्हर्नाला घेऊन गेला.

दोघं काठावर बसून उकडलेली हिरवी केळी खात राहिले. खालच्या गर्जनेत बोलणं शक्यच नव्हतं. व्हर्नाचा चेहरा वाफेने ओला झाला, तो तिने पुसला नाही.

उतरताना दरीत एक परदेशी जोडपं भेटलं, ऑर्विलच्या मागून धडपडत येणारं. बाईने दमून विचारलं, "अजून किती लांब?"

"अर्धा तास," थिओफिल म्हणाला. आणि कुणी न विचारता पुढे म्हणाला, "पाणी आहे."

त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तळ्यात पाणी आहे हे या माणसाने मुद्दाम का सांगावं, ते त्यांना उमगलं नाही. ऑर्विलने मात्र मान डोलावली आणि त्यांना पुढे घेऊन गेला.