तिसऱ्या सिलिंडरचा ठोका

आयुष्यभर लोकांना बसमधून पोचवणाऱ्या माणसाने निवृत्त झाल्यावर राहतं घर विकून जुनं मोटरहोम घेतलं, तेव्हा नातेवाइकांनी तोंडात बोटं घातली. बायको मात्र काही बोलली नाही. तिने खिडक्यांना पडदे शिवले, भांडी निम्मी केली आणि त्याच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसली. चाकांवरच्या त्या खोलीत दोघांचे दिवस बरे चालले होते.

मग गाडी चढावर दमायला लागली. दुसऱ्या गिअरमध्येही रडतखडत चढे, मागचे लोक हॉर्न मारून पुढे निघून जात. बायको म्हणाली, इंजिनातून टकटक येतेय. तो म्हणाला, म्हातारपणी सगळ्यांचेच सांधे वाजतात. तिने पुन्हा सांगितलं, तेव्हा तो खेकसला, की जन्मभर बस कोणी चालवली, तू का मी? त्यानंतर तिने तो विषय काढला नाही.

खरं तर त्याला टकटक ऐकूच येत नव्हती. इंजिनाच्या बाजूला बसून बसून कान कामातून गेले होते, आणि हे त्याने स्वतःशीही कबूल केलं नव्हतं.

शेवटी गाडी कशीबशी मेहुण्याच्या गॅरेजपर्यंत पोचली. बायकोच्या या धाकट्या भावाची हयात डिझेल इंजिनांत गेलेली. त्याने डिझेलचा फिल्टर बदलला, हवेचा झटकला, एक्झॉस्ट कुठे फुटलाय का ते पाहिलं. फरक शून्य. मग लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला आणि मूठ कानाला लावून तो बराच वेळ ऐकत राहिला.

"भावजी, तुम्हीच ऐका," स्क्रूड्रायव्हर पुढे करत तो म्हणाला. "मी एकेका सिलिंडरची डिझेलची नळी सैल करतो. ठोका कधी दबतो ते सांगा. दुखणं तिथलंच."

नवऱ्याने मूठ कानाला लावली. गालाच्या हाडात थरथर जाणवली, बाकी काही नाही. चारही नळ्या झाल्या. बायको आणि मेहुणा त्याच्या तोंडाकडे पाहत होते.

"पहिली," तो म्हणाला.

मेहुण्याने बहिणीकडे पाहिलं.

"तिसरी," ती घाईने म्हणाली. "इथे पंख्याचा आवाज किती आहे रे. यांना कसं कळणार?"

तिसरीच होती. तळाचं ऑइल काढलं, तर त्यात धातूचा चुरा चमकत होता. इंजिन उघडलं, तेव्हा बेअरिंग झिजून गेलं होतं, क्रँकवर खोल चरे पडले होते, आणि त्या सिलिंडरमध्ये दाबही उरला नव्हता. या इंजिनाचे भाग आता मिळत नाहीत, असं मेहुणा हळू आवाजात म्हणाला. ते बायकोने नवऱ्याला मोठ्याने पुन्हा सांगितलं.

ठोका कधीपासून होता, असं मेहुण्याने विचारलं. वेळेत कळलं असतं तर इंजिन वाचलं असतं.

"कालच्या चढावर सुरू झाला," बायको म्हणाली.

नवऱ्याने मान खाली घातली.

संध्याकाळी गाडीत ती भाजी चिरत होती. त्याने विचारलं, "माझ्या कानांचं तुला कधीपासून माहीत आहे?"

ती सुरी ठेवून त्याच्या उजव्या बाजूला, जरा बऱ्या कानाकडे येऊन बसली. "तुमच्या नोकरीतच कळलं होतं."

"मग घर का विकू दिलंस?"

"तुम्हाला गाडी चालवायची होती."

त्याने विचारलं, "आणखी काय काय ऐकलं नाही मी?"

"आता आठवत नाही. मी बोलणंच कमी केलं."

इतके दिवस त्याला वाटत होतं, ती प्रवासात रमलीय म्हणून गप्प असते.

दुसऱ्या दिवशी गॅरेजच्या माणसांनी गाडी ढकलत मागच्या भिंतीकडे नेली. तो स्टिअरिंगवर होता. बंद गाडीचं चाक दगडासारखं जड झालं होतं. बायको आरशात दिसेल अशी उभी राहिली. भिंत जवळ आली तशी तिने हाक न मारता हात वर केला, आणि त्याने दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. मग तिने चाकांखाली विटा सरकवल्या.